लक्ष लागण्याची तयारी

झोप लागते, तहान लागते, गवयाचा सूर लागतो, तसंच मराठीत लक्षही लागतं. ‘आज कामात लक्ष लागत नाही’ असं आपण म्हणतो. ‘मी आज लक्ष लावत नाही’ असं सहसा कुणी म्हणत नाही. भाषेच्या या सवयीत एक नेमकी गोष्ट नोंदलेली आहे. लक्ष देता येतं, पण नुसतं दिलेलं लक्ष फार वेळ टिकत नाही. शिक्षकांनी ‘इकडे लक्ष द्या’ म्हटलं की वर्ग दोन-चार मिनिटं देतो आणि मग ज्याचं त्याचं मन आपल्या वाटेनं जातं. तासभर ताळेबंदात, प्रकल्पाच्या अहवालात किंवा न्यायालयात द्यायच्या मसुद्यात मन रुतून राहायचं असेल तर ते लागावंच लागतं. झोपेला हुकूम सोडता येत नाही. अंथरूण घालता येतं, दिवा मालवता येतो, संध्याकाळचा चौथा चहा टाळता येतो. मग झोप तिच्या पावलांनी येते. लक्षाचंही असंच आहे. नोकरी-व्यवसायात ज्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, त्यांना या लेखातून सांगायचं ते एवढंच की स्वतःच्या इच्छाशक्तीशी चाललेली झटापट थांबवा आणि काम सुरू होण्याआधीची मांडणी बदला.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो माणसाला हताश करतो. माणसाची एकाग्रता आता आठ सेकंदांवर आली आहे, गोल्डफिश माशापेक्षाही कमी, असं विधान गेली काही वर्षं भाषणांत आणि प्रशिक्षण वर्गांत फिरतं आहे. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालामुळे ते गाजलं. त्यामागे माणसांवर किंवा माशांवर केलेला कोणताही विश्वासार्ह प्रयोग नाही. क्षमताच एवढी कोसळली असती तर तीन तासांचं नाटक मध्यंतरापर्यंतसुद्धा कुणी बघू शकलं नसतं. खरोखर मोजलेली गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधक ग्लोरिया मार्क गेली वीसेक वर्षं कार्यालयात काम करणाऱ्या माणसांचं निरीक्षण करत आहेत. संगणकावर काम करणारा माणूस एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाण्याआधी सरासरी किती वेळ थांबतो, हे त्यांनी मोजलं. २००४ साली हा वेळ सुमारे अडीच मिनिटं होता, २०१२ साली ७५ सेकंद, आणि अलीकडच्या वर्षांत तो ४७ सेकंदांच्या आसपास आला आहे. हा आकडा घाबरवणारा वाटतो, पण तो नीट वाचला तर धीर देणाराही आहे. हे वागण्याचं माप आहे, मेंदूच्या कुवतीचं नाही. वीस वर्षांत माणसाचा मेंदू बदलत नाही. बदलली ती त्याच्या भोवतीची मांडणी. आणि जे मांडणीमुळे बिघडलं ते मांडणी बदलून बऱ्याच अंशी सुधारता येतं.

व्यत्ययाचं नुकसान कुठे होतं, हे समजून घेतलं तर उपाय कुठे करायचा तेही कळतं. आपल्याला वाटतं, फोन दोन मिनिटं चालला, दोन मिनिटं गेली. वेळ मात्र परतीच्या वाटेवर जातो. मार्क यांच्या २००५ च्या निरीक्षणात, मध्येच सुटलेलं काम त्याच दिवशी पुन्हा हाती घेतलं गेलं तेव्हा मध्ये सरासरी वीस-पंचवीस मिनिटं गेलेली होती, आणि त्या काळात माणसानं सरासरी दोनाहून अधिक निराळी कामं हाताळलेली होती. म्हणजे आपण व्यत्ययाकडून थेट मूळ कामाकडे येत नाही. फोन ठेवतो, त्या फोनमुळे आठवलेलं एक पत्र पाठवतो, पाठवताना दुसरं न वाचलेलं पत्र दिसतं, त्यात एका कागदाची मागणी असते, तो शोधायला उठतो. दुसरी बाब सोफी लेरॉय या संशोधकांनी २००९ साली मांडली. एक काम अर्धवट टाकून आपण दुसऱ्याकडे वळतो तेव्हा मनाचा एक हिस्सा पहिल्या कामातच अडकून राहतो. नव्या कामाला उरलेलं लक्ष मिळतं. पातेल्यातली आमटी ओतली तरी तळाशी काही राहते आणि त्यावरच दूध तापवायला ठेवलं तर जे होतं, तसं. आणि तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची: मार्क यांच्या निरीक्षणांत जवळजवळ निम्मे व्यत्यय बाहेरून आलेलेच नव्हते. कुणी हाक मारली नव्हती, घंटी वाजली नव्हती. माणूस आपणहून काम सोडून दुसरीकडे गेला होता. वरिष्ठ, सहकारी, शेजारी यांच्याकडे बोट दाखवून प्रश्न पुरता सुटत नाही तो यामुळेच.

यावर एक आक्षेप सयुक्तिक आहे. व्यत्यय येऊनही कामं होतातच की. कित्येकदा तर दडपणाखाली ती लवकर होतात. हे खरं आहे, आणि प्रयोगातही तसंच आढळलं. मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांच्या कामात मुद्दाम व्यत्यय आणले होते, त्यांनी ते काम उलट थोडं लवकर संपवलं, आणि गुणवत्तेतही फरक दिसला नाही. पण त्यांचा ताण, चिडचिड आणि वेळ पुरत नसल्याची भावना लक्षणीय वाढलेली होती. माणूस गेलेला वेळ वेगानं भरून काढतो आणि त्याची किंमत शरीर-मनातून चुकती करतो. एका दुपारी हे चालून जातं. वर्षाचे अडीचशे-पावणेतीनशे कामाचे दिवस असंच चाललं तर संध्याकाळी घरी पोचणारा माणूस दिवसभर काय केलं ते सांगू शकत नाही, आणि तरी पार थकलेला असतो. तो प्रयोग साध्या पत्रव्यवहाराच्या कामाचा होता, हेही विसरू नये. जिथे एक पायरी चुकली की माणसाला इजा होते, तिथलं चित्र निराळं आहे. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक यांच्या गटानं ९८ परिचारिकांना औषधं देताना पाहिलं. चार हजारांहून अधिक वेळा औषध दिल्याच्या नोंदी घेतल्या. २०१० साली आलेला निष्कर्ष असा की प्रत्येक व्यत्ययाबरोबर कार्यपद्धतीतल्या आणि औषधातल्या चुकांचं प्रमाण सुमारे बारा-बारा टक्क्यांनी वाढत गेलं. त्या परिचारिका कामचुकार नव्हत्या. त्यांना मध्येच कुणीतरी विचारत होतं.

विमान वाहतुकीनं हा धडा फार आधी घेतला. १९७४ साली अमेरिकेत शार्लट इथे उतरताना एक विमान कोसळलं. अखेरच्या मिनिटांपर्यंत वैमानिक उड्डाणाशी संबंध नसलेल्या गप्पा मारत होते, असं चौकशीत निघालं. अशा घटनांनंतर १९८१ साली तिथे नियम झाला: दहा हजार फुटांखाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाच्या कामाखेरीज काहीही बोलायचं किंवा करायचं नाही. या नियमात वैमानिकांना एकाग्रतेवर व्याख्यान दिलेलं नाही. ‘मन आवरा’ असंही म्हटलेलं नाही. उंचीची एक रेघ ओढली आणि त्या रेघेखाली काय करायचं नाही ते ठरवून टाकलं. जिथे जिवाशी गाठ असते तिथे शहाणी माणसं इच्छाशक्तीवर विसंबत नाहीत, मग आपण आपल्या कामात का विसंबावं?

मराठीत एक शब्द आहे, व्यवधान. एकाच वेळी चार व्यवधानं सांभाळणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कौतुक होतं, आणि नव्या पिढीला तर हे जन्मजातच जमतं असं मानलं जातं. इथे थोडं थांबून पाहायला हवं. पोळ्या लाटता लाटता रेडिओ ऐकता येतो, कारण लाटणं हाताच्या अंगवळणी पडलेलं असतं आणि त्याला विचार लागत नाही. पण विचार लागणारी दोन कामं माणूस एकदम करत नाही. तो त्यांच्यात भराभर ये-जा करतो, आणि प्रत्येक फेरीला थोडा वेळ आणि थोडी अचूकता गमावतो. ही बदलाची किंमत मानसशास्त्रज्ञ १९२७ सालच्या आर्थर जेरसिल्ड यांच्या प्रयोगांपासून मोजत आले आहेत. सरावानं ती कमी होते, शून्य होत नाही. सदैव अनेक पडद्यांवर असणाऱ्या तरुणांची नको त्या गोष्टी बाजूला सारण्याची क्षमता वाढते की घटते, हे २००९ साली स्टॅनफर्डमध्ये तपासलं तेव्हा ती कमी आढळली. पुढच्या काही अभ्यासांत हा फरक तितका ठळक दिसला नाही. मग निदान एवढं तरी म्हणता येतं की सवयीमुळे ती वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. बैठक चालू असताना खाली मान घालून संदेशांना उत्तरं देणारा माणूस दोन्हीकडे अर्धाच हजर असतो.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. पहिली गोष्ट फोनची, आणि ती अगदी शारीरिक आहे: महत्त्वाच्या कामाच्या वेळी फोन हाताला लागेल अशा ठिकाणी नको. उलटा ठेवणं, आवाज बंद करणं पुरेसं होत नाही. टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड यांच्या गटानं २०१७ साली असं दाखवलं की फोन टेबलावर नुसता पडलेला असला तरी विचारशक्तीच्या चाचण्यांत माणसं थोडी मागे पडतात, आणि तो दुसऱ्या खोलीत असेल तेव्हा सर्वांत चांगली कामगिरी करतात. हा परिणाम पुढच्या सगळ्या प्रयोगांत सारखा दिसलेला नाही, म्हणून त्याचा फार बाऊ करू नये. पण त्याशिवायही एक साधं कारण आहे. आपले निम्मे व्यत्यय आपणच ओढवून घेतो. वाक्य अडलं, आकडा जुळेना, की हात आपोआप फोनकडे जातो. तो खिशात असेल तर दोन सेकंदांत हाती येतो. दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असेल तर उठावं लागतं, आणि उठताना आपण काय करतोय हे ध्यानात येतं. तेवढं ध्यानात येणं बहुतेक वेळा पुरतं. संगणकावरही तेच: कामाचा एक पडदा उघडा ठेवून बाकीचे मिटवून टाकावेत. कार्यालयात फोन लांब ठेवणं शक्य नसेल तर बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा आणि चेन ओढा. उपाय क्षुल्लक वाटेल, पण इथे गोष्टी सेकंदांवरच ठरतात.

दुसरी तयारी डोक्यातल्या गर्दीची. टेबल मोकळं झालं तरी मन मोकळं होत नाही. विम्याचा हप्ता, मुलाच्या शाळेची सभा, साहेबांना द्यायचं उत्तर, असं काहीतरी आत टोचत राहतं. ‘ते विचार काढून टाका’ हा सल्ला कुचकामी आहे. उपयोगी पडतं ते लिहिणं, आणि तेही विशिष्ट रीतीनं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की अपुरं राहिलेलं काम मनात लुडबुड करत राहतं. पण ते केव्हा आणि कसं करणार याची नेमकी योजना केली की काम पूर्ण न होताही ही लुडबुड थांबते. म्हणून नुसतं ‘विमा’ असं लिहून भागत नाही. ‘विम्याचा हप्ता, आज जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवरून’ असं लिहावं. मन राखणदारासारखं आहे. जबाबदारी कुणीतरी घेतली याची खात्री पटली की ते जागेवरून हलतं. काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं यासाठी द्यावीत, आणि त्याच कागदाच्या डोक्यावर पुढच्या तासात नेमकं काय करायचं ते एका वाक्यात लिहावं. ‘अहवालाचं काम’ हे वाक्य फसवं आहे, कारण त्याला शेवट नाही. ‘अहवालातल्या तिसऱ्या प्रकरणाचे आकडे तपासून तक्ता पूर्ण करणे’ हे वाक्य मनाला धरायला खुंटी देतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर आधी श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि मग विषयाला हात घालतात. रोजच्या कामाच्या आधीची ती पाच मिनिटं हे आपलं आपल्याकडेच मागितलेलं अवधान समजावं. मध्येच काही सुचलं, काही बघावंसं वाटलं, तर त्याच कागदाच्या खालच्या भागात टिपून पुढे जायचं. तासाभरानं त्या नोंदी वाचल्या तर त्यांतल्या बऱ्याच गोष्टी आता पाहाव्याशाही वाटत नाहीत.

एवढं करूनही हाक येणारच. तेव्हा काय करायचं, याचं एक छोटंसं पण फार गुणकारी उत्तर सोफी लेरॉय यांच्याच पुढच्या संशोधनात मिळतं. टेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबतचं हे काम २०१८ साली प्रसिद्ध झालं. दुसऱ्या कामाकडे वळण्याआधी मिनिटभर थांबून, आपण कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं पाऊल कोणतं, एवढं लिहून ठेवायचं. ज्यांनी असं केलं त्यांचं मन मागे अडकून राहिलं नाही आणि मधलं कामही त्यांनी अधिक चांगलं केलं. विणकाम करणारी बाई उठण्याआधी सुई कोणत्या टाक्यावर आहे ते बघून ठेवते, तसंच हे आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘एक मिनिट, एवढी ओळ लिहितो’ म्हणणं उद्धटपणाचं नाही. उलट त्या ओळीनंतर आपण त्याच्याकडे पूर्ण वळू शकतो, आणि ते त्यालाही जाणवतं.

आता सर्वांत मोठा आक्षेप: ‘हे लेखकांना, संशोधकांना ठीक. आमचं कामच उत्तर देण्याचं आहे. साहेबांनी व्हॉट्सॲपवर विचारलं आणि दहा मिनिटांत उत्तर गेलं नाही तर दुसरा प्रश्न येतो, कुठे आहात?’ हा आक्षेप झटकून टाकणं अन्यायाचं होईल. बँकेच्या खिडकीवर, तक्रार निवारण कक्षात, दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसणाऱ्याचं लक्ष माणसांकडेच हवं. त्यांचं काम तेच आहे. पण ज्यांच्या कामात दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत, आणि बहुतेक कार्यालयांत ते तसेच असतात, त्यांनी दोहोंच्या वेळा वेगळ्या करून पाहाव्यात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले कॉस्टाडिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच इमेल पाहायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तेवढ्यांदा. तीनदाच पाहण्याच्या आठवड्यात त्यांचा रोजचा ताण कमी होता. इमेल तेवढेच होते; फक्त ते पाहण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. तातडीसाठी वेगळी वाट मात्र आधी ठरवून द्यावी: ‘सकाळी अकरा ते साडेबारा मी संदेश पाहत नाही, अगदी अडलं तर फोन करा.’ फोन करायचा म्हटलं की विचारणारा क्षणभर विचार करतो, आणि बरेचसे तातडीचे प्रश्न साडेबाराला विचारण्याजोगे निघतात. तातडी ही पुष्कळदा कामाची नसते, माध्यमाची असते.

दुसरी शंका याच्या उलट दिशेची आहे: मान खाली घालून कामात बुडालो आणि काही महत्त्वाचं निसटलं तर? हेही घडलेलं आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री फ्लोरिडात मायामीजवळच्या एव्हरग्लेड्स दलदलीत एक प्रवासी विमान कोसळलं. चाकं उतरल्याचा दिवा लागत नव्हता; कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले आणि विमान हळूहळू खाली येत आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या रात्रीतून विमान वाहतूक जे शिकली त्यात एकाग्र होऊ नका असा संदेश नव्हता. एक जण बिघाडात लक्ष घालत असेल तर दुसऱ्यानं विमान उडवत राहायचं, हे आधी स्पष्ट वाटून घ्यायचं, असा होता. कार्यालयात याचा अर्थ सरळ आहे. चौघांच्या विभागात सकाळचा दीड तास एकानं फोन आणि दार सांभाळायचं, तिघांनी बुडून काम करायचं, आणि ही पाळी रोज फिरवायची. ज्याला ठाऊक आहे की बाहेर कुणीतरी पाहतं आहे, त्याचंच मन निर्धास्तपणे लागतं.

इथे मुद्दा एकट्यादुकट्याच्या सवयीपलीकडे जातो, आणि मला वाटतं खरं उत्तर तिथेच आहे. लेस्ली पर्लो यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसा एकमेकांच्या शंकांत अडकायचं आणि स्वतःचं काम रात्री उरकायचं, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी मिळून काही ठरावीक वेळा शांततेच्या ठरवल्या; त्या वेळात कुणी कुणाला विचारायचं नाही. कामाला गती आली आणि उत्पादन वेळेवर बाहेर पडलं. अभ्यास संपला, देखरेख गेली, आणि जुनी रीत परत आली, कारण तत्काळ धावून जाणाऱ्यालाच तिथे शाबासकी मिळत होती. हा शेवट या अभ्यासातला सर्वांत उपयोगी भाग आहे. नियम टिकवायचा तर तो वरिष्ठांनी आधी स्वतः पाळावा लागतो आणि दरवर्षी नव्यानं सांगावा लागतो. सगळ्यांनी मिळून पाळलेल्या नियमाचं एक उदाहरण आपल्याकडेही आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचं. साडेआठला दुसरा भोंगा. एकट्या घरानं मोबाइल बंद केला असता तर मूल शेजारी गेलं असतं. सगळ्या गावानं एकदम केला म्हणून तो बंद राहिला. फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट पाहत असतानाही एका विभागाला, एका मजल्याला, एका घराला आपला भोंगा ठरवता येतो.

घराचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. घरून काम करणाऱ्या बाईचा वेळ घरातल्या प्रत्येकाला मोकळाच वाटतो. ‘आहेस ना घरी, जरा दार उघड’ या एका वाक्यानं तिचा तास मोडतो, आणि तो मोडला हे कुणाच्या गावीही नसतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. अशा घरात बाईला एकाग्रतेची तंत्रं शिकवणं म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला छत्री धरायला शिकवणं आहे. दार, फोन, कुकर आणि पार्सल या चार गोष्टी ठरलेल्या दोन तासांत घरातल्या दुसऱ्या माणसानं बघायच्या, हे ठरवलं तर तिचं लक्ष लागायला वेगळा उपाय फारसा लागत नाही. स्वतंत्र खोली नसलेल्या घरात जागेऐवजी वेळ राखून ठेवावी, किंवा जवळच्या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत एक खुर्ची.

ध्यानधारणेबद्दल लोक आवर्जून विचारतात. तिचा उपयोग होतो; दोन आठवड्यांच्या सजगतेच्या सरावानं वाचन-आकलन सुधारल्याचं आणि मन भरकटणं कमी झाल्याचं २०१३ च्या एका प्रयोगात आढळलं होतं. पण इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी काय होतं ते पाहावं. मोबाइल जमा करून घेतात, मौन सांगतात, दिवसाचं वेळापत्रक हातात देतात. मन आवरण्याची विद्या शिकवणारेसुद्धा आधी व्यवधानं काढून घेतात. झोपेचं तर विचारायलाच नको. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग १४ दिवस सहा तासच झोपलेल्या माणसांचं लक्ष हळूहळू इतकं ढासळलं की ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं झालं. आणि स्वतःला ती माणसं फक्त थोडी झोपाळू समजत होती. पहाटेची लोकल गाठणाऱ्यांच्या हाती यातलं सगळंच नसतं, पण रात्री अंथरुणात फोनवर जाणारा तास त्यांच्याच हाती असतो. कामाच्या मध्ये घेतलेल्या विश्रांतीतही फोन पाहू नये, कारण ती विश्रांती राहत नाही. दहा मिनिटं झाडाखालून चालून यावं. आणि एक काळजीपूर्वक सांगायची गोष्ट: लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, किंवा अलीकडे अचानक टिकेनासं झालं असेल, सोबत उदासी, थकवा, विसरभोळेपणा असेल, तर हे लेखातले उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं. लक्षातली कमतरता, नैराश्य, थायरॉइड, रक्तक्षय या सगळ्यांवर उपचार आहेत.

सुरुवात लहान ठेवा. १९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या कामाची नक्कल करून केलेले जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागल्या होत्या. तेव्हा सुरुवातीला अर्धा तास लक्ष लागलं तरी ते थोडं नाही. पहिले काही दिवस हात फोन शोधेल, मन पळवाटा काढेल. त्यावरून आपल्याला हे जमणार नाही असा निष्कर्ष काढू नका. येत्या सोमवारी शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याशी बोला, सकाळचा एकच अर्धा तास ठरवा, त्या वेळात तुमचे फोन त्यांनी सांभाळायचे आणि पुढच्या अर्ध्या तासात त्यांचे तुम्ही. आणि तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील, तर त्या वेळात त्यांना काहीही विचारू नका.